शिट्टी वाजली, आता भांडायचं कुठे? फुटबॉलच्या नियमांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भात कापून झालं की शेतात बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, आणि पुढच्या आठवड्यापासून आमचा फोन वाजायला लागतो. एखाद्या वाड्यावरच्या सेमी-फायनलपासून मडगावच्या फातोर्डा स्टेडियममधल्या फायनलपर्यंत कुणाचा तरी गोल कापलेला असतो, कुणाला तरी चुकीची पेनल्टी दिलेली असते. हाती शिट्टी घेऊन मी काही वर्षं गावोगावच्या मैदानांवर काढली आहेत, शिव्याही पोटभर खाल्ल्या आहेत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते उत्तरांसह एकत्र केले. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. फुटबॉलचे नियम ठरवतं कोण? फिफा, दिल्लीचा महासंघ की आपली जीएफए (गोवा फुटबॉल असोसिएशन)?

खेळाचे नियम या तिघांपैकी एकट्याच्या हातात नाहीत. ते आयफॅब ही संस्था ठरवते. तिची स्थापना १८८६ची. तिथे आठ मतं असतात: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना एकेक, फिफाला चार. बदल मंजूर व्हायला सहा मतं लागतात. म्हणजे फिफाची चारही मतं एका बाजूला पडली तरी आणखी दोघांची मनधरणी करावीच लागते. एकूण नियम १७, आणि नवे बदल १ जुलैपासून लागू होतात.

जीएफए किंवा अखिल भारतीय महासंघ जे बनवतात ते स्पर्धेचे कायदे: खेळाडूंची नोंदणी, किती पिवळ्या कार्डांनंतर एका सामन्याची बंदी, गुण समान झाले तर काय, सामना अर्धवट राहिला तर काय.

म्हणून कुठलाही वाद आला की मी आधी विचारतो, हा घटनेचा वाद आहे, नियमाचा आहे की कागदाचा? चेंडू बाहेर गेला होता का, धक्का लागला होता का, हा घटनेचा वाद. तो मैदानातच संपतो. घटना बरोबर पाहिली पण तिला भलताच नियम लावला, हा नियमाचा वाद. तो क्वचित वर जातो. बंदी असलेला खेळाडू खेळवला, हा कागदाचा वाद. तो स्वित्झर्लंडपर्यंतसुद्धा जातो (प्रश्न १३ पाहा). आपल्याकडची निम्मी भांडणं चुकीच्या दारात उभं राहून केलेली असतात.

२. टीव्हीवर सगळ्या जगाला चूक दिसते. मग निकाल का बदलत नाहीत?

कारण पाचव्या नियमानुसार खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम असतो. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, हेही त्यातच आलं. चूक लक्षात आली तर रेफरी निर्णय बदलू शकतो, पण खेळ पुन्हा सुरू होण्याआधी. एकदा फ्री किक, थ्रो-इन किंवा किक-ऑफ झाला की गोलाचा वा फाउलचा तो निर्णय पक्का.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण ३० सप्टेंबर २०२३चं, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस डियासने केलेला गोल लाइन्समनने ऑफसाईड दिला. व्हिडिओ खोलीतल्या रेफरीने चित्र नीट पाहिलं, गोल बरोबर आहे हे त्याला कळलं. पण मैदानावर गोलच दिला आहे असं समजून त्याने ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं. मैदानातल्या रेफरीने त्याचा अर्थ घेतला की ऑफसाईड बरोबर. फ्री किक घेतली गेली आणि खोलीत सगळ्यांच्या लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. रेफरींच्या संस्थेने चूक जाहीरपणे मान्य केली, तरी लिव्हरपूलचा १-२ हा पराभव कायम राहिला.

मला स्वतःला हे बरोबर वाटतं. नाहीतर दर रविवारचा सामना बुधवारपर्यंत चालेल.

३. कतारने चेंडू रेषेबाहेरून ओढून भारतावर गोल केला. तोही बदलला नाही?

नाही. ११ जून २०२४, दोहा, विश्वचषक पात्रता. छांगतेच्या गोलने भारत पुढे होता. ७३व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने हेडर अडवला, चेंडू गोलरेषेपलीकडे गेला, तिथून तो पायाने आत ओढला गेला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात टाकला. रेफरी आणि लाइन्समनने गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ मदत नव्हती. नंतर आणखी एक गोल खाऊन भारत १-२ हरला आणि पुढच्या फेरीची वाट बंद झाली.

महासंघाने तक्रार केली, पण हा निव्वळ घटनेचा वाद होता. चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे गेला की नाही, एवढाच प्रश्न. इथे एक सवयीची चूक दुरुस्त करतो. चेंडू जमिनीला टेकतो ती जागा रेषेबाहेर असली म्हणजे चेंडू बाहेर, असं नाही. वरून पाहिलं तर चेंडूचा एक कणही रेषेवर असता कामा नये, तेव्हाच तो बाहेर. गोललाही हेच माप. कतारच्या गोलात मात्र चित्र पाहिल्यावर फारशी शंका उरत नाही.

४. म्हणजे रेफरीच्या चुकीमुळे सामना परत खेळवला, असं कधीच झालेलं नाही?

झालं आहे, आणि हे उदाहरण मी प्रत्येक नव्या रेफरीला सांगतो. सप्टेंबर २००५, ताश्कंद, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन, विश्वचषक पात्रता. उझबेकिस्तान १-० पुढे, त्यात त्यांना पेनल्टी मिळाली. पेनल्टी जाळ्यात गेली, पण किक मारण्याआधीच त्यांचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. नियमाप्रमाणे किक पुन्हा घ्यायची. जपानी रेफरीने बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यातून थेट गोल होत नाही अशी) दिली.

घटना त्याने अचूक पाहिली होती, चुकला तो नियमात. उझबेकिस्तानने १-० जिंकूनही तक्रार केली, त्यांना ३-० असा निकाल हवा होता. फिफाने नियम चुकीचा लावला हे मान्य केलं, पण सामना रद्द करून पुन्हा खेळायला लावला. तो १-१ सुटला, परतीचा सामना ०-० झाला आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहारीन पुढे गेलं. जिंकलेला सामना तक्रार करून घालवला!

दुसरा मार्ग म्हणजे लबाडी सिद्ध होणं. नोव्हेंबर २०१६मध्ये दक्षिण आफ्रिका-सेनेगल सामन्यात चेंडू गुडघ्याला लागला असताना हँडबॉलची पेनल्टी दिली गेली. त्या रेफरीवर सामन्यात फेरफार केल्याबद्दल आजीवन बंदी आली आणि वर्षभराने सामना पुन्हा झाला. सेनेगल जिंकलं. साधी चूक आणि विकलेली चूक यांत फिफा फरक करते.

५. ऑफसाईड एकदाचं सोप्या भाषेत सांगा.

सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असाल, चेंडूच्या पुढे असाल आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असाल, तर तुम्ही ऑफसाईड जागेत आहात. समान रेषेत असाल तर नाही. हात आणि दंड मोजत नाहीत, गोलकीपरचेही नाहीत. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक थेट मिळाली तर ऑफसाईड नाही.

‘शेवटून दुसरा’ म्हणजे गोलकीपर आणि एक बचावपटू असं लोक धरून चालतात. गोलकीपर कॉर्नरसाठी पुढे गेला असेल तर मागे दोन बचावपटू लागतात. इंज्युरी टाइममध्ये इथेच गोंधळ होतो.

नुसतं त्या जागेत असणं हा गुन्हा नाही. खेळात भाग घ्यावा लागतो: चेंडूला स्पर्श, प्रतिस्पर्ध्याला अडथळा, गोलकीपरची नजर अडवणं, किंवा पोस्टला वा गोलकीपरला लागून आलेल्या चेंडूचा फायदा उठवणं. म्हणून लाइन्समन कधी कधी झेंडा उशिरा वर करतो. तो झोपलेला नसतो, वाट पाहत असतो.

६. चेंडू बचावपटूच्या पायाला लागून ऑफसाईड खेळाडूकडे आला. आमच्या गावात म्हणतात, ‘लागला म्हणजे ऑफसाईड मेलं.’ खरं?

अर्धंच. बचावपटूने चेंडू जाणूनबुजून खेळला असेल तर ऑफसाईड संपतं. नुसता आपटून गेला, किंवा गोल वाचवताना लागला, तर संपत नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये नेशन्स लीगच्या फायनलमध्ये एम्बापे ऑफसाईड जागेत होता. स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरून चेंडू अडवायचा प्रयत्न केला, चेंडू त्याला निसटता लागला आणि एम्बापेने गोल केला. गोल धरला गेला, फ्रान्स जिंकलं. त्यावर इतका गदारोळ झाला की २०२२मध्ये आयफॅबने खुलासा काढला. बचावपटूला चेंडू दुरून येताना नीट दिसत होता का, अंगावर ताबा ठेवायला वेळ होता का, की ताणून कसाबसा पाय घातला? ताबा मिळवण्याची खरी संधी होती, तरच ‘जाणूनबुजून खेळला’ धरायचं. आज तोच प्रसंग घडला तर माझ्या मते झेंडा वर जाईल.

७. हाताला लागला की हँडबॉल नाही का?

नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला, किंवा त्या हालचालीत नैसर्गिक वाटणार नाही अशा ठिकाणी हात पसरून शरीर मोठं केलं, तर गुन्हा. हात कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकापासून. त्याच्या वरचा खांदा चालतो.

अपवाद गोलचा. चेंडू चुकून जरी हाताला लागला आणि त्याच खेळाडूने थेट किंवा लगेच गोल केला, तर गोल रद्द. सहकाऱ्याने केला तर मात्र २०२१पासून धरतात, चेंडू हाताला मुद्दाम लावलेला नसेल तर. मारादोनाचा २२ जून १९८६चा गोल पाठवून ‘हा कुठल्या नियमात बसतो’ विचारणारे अजून आहेत. कुठल्याच नाही. रेफरी आणि लाइन्समनला हात दिसला नाही, एवढंच. प्रश्न २.

८. गोलरेषेवर हाताने गोल अडवला तर सरळ गोलच का देत नाहीत?

हा प्रश्न २ जुलै २०१०च्या रात्रीपासून येतो आहे. घानाचा जाळ्यात जाणारा हेडर उरुग्वेच्या सुआरेझने हाताने अडवला, लाल कार्ड घेतलं, असामोआ ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली आणि घाना शूटआउटमध्ये हरलं. रेफरीने काहीही चुकवलं नव्हतं. रग्बीत ‘पेनल्टी ट्राय’ असते, तसा दिलेला गोल फुटबॉलमध्ये नाही. चेंडू रेषेपलीकडे गेल्याशिवाय गोल नाही, आणि ‘गेलाच असता’ यावर गोल द्यायला लागलो तर गावच्या टूर्नामेंटात किती गोल ‘गेलेच असते’, याची कल्पना करा.

९. शेवटच्या बचावपटूने पाडलं म्हणजे लाल कार्ड, हे तरी पक्कं ना?

नियमपुस्तकात ‘शेवटचा बचावपटू’ हे शब्दच नाहीत. रेफरी चार गोष्टी पाहतो: गोलपासूनचं अंतर, खेळ कुठल्या दिशेने चालला होता, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता, आणि बाकी बचावपटू कुठे नि किती. कॉर्नर फ्लॅगकडे पळणाऱ्याला शेवटच्या माणसाने पाडलं तर बहुतेकदा पिवळं.

पेनल्टी क्षेत्रात २०१६पासून सवलत आहे. चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल झाला तर पेनल्टी आणि पिवळं. जर्सी ओढली, धरलं, ढकललं तर पेनल्टी आणि लाल. त्यामुळे क्षेत्राच्या एक हात बाहेर केलेल्या टॅकलला लाल आणि आतल्या तशाच टॅकलला पिवळं, असं दिसतं. विचित्र वाटेल, पण आत पेनल्टीने संधी परत मिळते, बाहेर मिळत नाही.

१०. शिट्टी न वाजवता फ्री किक घेता येते? छेत्रीचा तो गोल बरोबर होता का?

फ्री किकला शिट्टी लागतेच असं नाही. चेंडू स्थिर असला आणि प्रतिस्पर्धी ९.१५ मीटरच्या आत असूनही तुम्हाला घाई असली, तर मारा. जवळचा माणूस योगायोगाने आड आला तर तक्रार नाही. मात्र रेफरीने भिंत मागे हटवायचं काम हाती घेतलं, कार्ड दाखवायला सुरुवात केली, किंवा ‘शिट्टीची वाट पाहा’ म्हटलं, की शिट्टीशिवाय खेळ सुरू होत नाही.

३ मार्च २०२३, बंगळूर, आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) बाद सामना. ९० मिनिटं ०-०. जादा वेळेत ९६व्या मिनिटाला बेंगळुरू एफसीला फ्री किक मिळाली. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावत होते, गोलकीपर पुढे होता, आणि सुनील छेत्रीने चेंडू मोकळ्या जाळ्यात टाकला. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचं म्हणणं असं की रेफरी आमच्या खेळाडूंना मागे हटवत होता, म्हणजे शिट्टी हवीच. छेत्रीचं म्हणणं, शिट्टी नको असं मी सांगितलं होतं.

तर वाद ‘शिट्टीविना चालते का’ हा नव्हताच, ती चालते. वाद होता रेफरीने प्रक्रिया हाती घेतली होती का, हा, म्हणजे घटनेचा. तो प्रश्न १च्या पहिल्या दारात येतो. ब्लास्टर्सने सामना पुन्हा खेळवण्याची केलेली मागणी फेटाळली गेली. माझं वैयक्तिक मत: गोल चालतो. पण मी रेफरी असतो तर दोन्ही कर्णधारांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘शिट्टीवर’ किंवा ‘खेळा’ म्हटलं असतं. त्या एका शब्दाने सगळं रामायण वाचलं असतं.

खेळाडूंसाठी एवढंच: भिंत लावताना एकाने चेंडूसमोर उभं राहावं, आणि भिंत लागेपर्यंत कुणीही रेफरीशी हुज्जत घालू नये. त्या दिवशी चेंडूकडे पाहणारा एकच होता.

११. अन्याय झाला म्हणून संघ मैदान सोडून गेला तर?

तर प्रकरण घटनेच्या दारातून निघून कागदाच्या दारात जातं, आणि तिथे तुम्ही हरता. वरच्या सामन्यात ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच संघ घेऊन बाहेर गेले. सामना बेंगळुरूला दिला गेला. शिस्तपालन समितीने क्लबला चार कोटी रुपये दंड केला, जाहीर माफी मागितली नाही तर सहा कोटी. प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाख दंड. ‘आमच्यावर अन्याय झाला होता’ हे ऐकून कुणी दंड माफ करत नाही, कारण समिती गोल तपासत नाही, मैदान सोडणं तपासते.

याआधी ९ डिसेंबर २०१२च्या कोलकाता डर्बीत ईस्ट बंगालविरुद्ध मोहन बागानचा संघ दुसऱ्या अर्ध्यासाठी उतरलाच नाही. कर्णधार ओडाफाला लाल कार्ड मिळालं होतं आणि रहीम नबीला प्रेक्षकांतून आलेला दगड लागला होता. आधी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून दोन वर्षांची बंदी, नंतर ती उठवून दोन कोटींचा दंड. तिथे सुरक्षिततेचं कारण तरी होतं.

आपल्या गावच्या स्पर्धांत हे दर मोसमात होतं. संघ रुसून बाजूला बसतो, आयोजक समजूत काढतात, अर्ध्या तासाने खेळ पुन्हा सुरू. त्याचीच सवय वर नेऊ नका. आणखी एक: मैदानात एका संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना चालवता येत नाही. पाचजण ‘जखमी’ होऊन सामना मोडण्याची युक्ती त्यामुळे सुचते. रेफरी ती अहवालात लिहितो.

१२. २०१५च्या फातोर्डा फायनलला एफसी गोवावर एवढी कारवाई का झाली? पंचगिरीमुळे?

नाही, सामन्यानंतरच्या वागण्यामुळे. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना अजून झोप लागत नाही: २० डिसेंबर २०१५, आयएसएलची फायनल, गोवा विरुद्ध चेन्नईयन, जोफ्रेच्या गोलने ८७व्या मिनिटाला गोवा २-१ पुढे. ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीच्या हातून स्वयंगोल, ९२व्या मिनिटाला मेंडोझाचा गोल, आणि चेन्नईयन ३-२. त्यानंतर मैदानावर झोंबाझोंबी, चेन्नईयनच्या खेळाडूविरुद्ध पोलिस तक्रार, आणि गोव्याच्या संघाचा बक्षीस समारंभावर बहिष्कार.

मे २०१६मध्ये ११ कोटींचा दंड आणि पुढच्या मोसमात १५ गुण कापण्याचा निर्णय आला. अपिलात गुणकपात रद्द झाली आणि दंड सहा कोटींवर आला. गुण कापले गेले असते तर संघ मोसम उणे १५वर सुरू करणार होता. म्हणजे पाच विजय मिळवून शून्यावर.

१३. चर्चिल ब्रदर्सचं आय-लीग जेतेपद काढून का घेतलं? मैदानावर तर आपण पहिले होतो!

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, विशेषतः सासष्टीतून. आणि हा शंभर टक्के कागदाचा वाद आहे. रेफरीचा यात काडीचा संबंध नाही.

२०२४-२५चा मोसम ६ एप्रिल २०२५ला संपला तेव्हा चर्चिल ४० गुण, इंटर काशी ३९. पण जानेवारीत नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलेल्या सामन्यात नामधारीचा एक खेळाडू कार्डांच्या बंदीखाली असताना खेळला, अशी काशीची तक्रार होती. शिस्तपालन समितीने काशीला विजय दिला. अपील समितीने तो फिरवला आणि चर्चिलला विजेते जाहीर केलं गेलं. काशी लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. लवादाने नामधारीच्या सामन्याचे तीन गुण काशीला दिले, ३९चे ४२ झाले. काशीने एका परदेशी खेळाडूची नोंदणी चुकीची केली, या आरोपाचं दुसरं प्रकरणही काशीच्या बाजूने सुटलं आणि १८ जुलै २०२५ला जेतेपद काशीकडे गेलं.

मलाही वाईट वाटलं. २२ फेऱ्या खेळून पहिलं आलेल्या संघाने उन्हाळाभर वकिलांकडे पाहत बसायचं, ही चाहत्यांची थट्टा आहे. पण राग कुणावर धरायचा ते नीट ठरवा. बंदीतला खेळाडू उतरवला तर सामना प्रतिस्पर्ध्याला जातो, हा कायदा जुना आणि सगळीकडचा आहे. घोळ झाला तो एकाच संघटनेच्या दोन समित्यांनी दोन टोकांचे निकाल दिल्यामुळे आणि ते मोसम संपेपर्यंत लांबल्यामुळे. जानेवारीतली तक्रार फेब्रुवारीत निकालात निघाली असती, तर सगळ्यांना आपापले गुण माहीत असते आणि शेवटच्या फेऱ्या त्या हिशेबाने खेळल्या गेल्या असत्या.

१४. आयएसएलमध्ये व्हीएआर (रेफरीला व्हिडिओची मदत) आला की हे वाद मिटतील ना?

कमी होतील, मिटणार नाहीत. आयएसएलचे २०२४-२५पर्यंतचे सगळे मोसम त्याशिवाय झाले. १८ मार्च २०२३ची फातोर्ड्याची फायनल आठवा. मोहन बागान-बेंगळुरू २-२, त्यात तीन पेनल्ट्या. ८५व्या मिनिटाला कियान नस्सिरीला पाडलं ते पेनल्टी क्षेत्राच्या आत की बाहेर, यावर अजून भांडण आहे. पेट्राटोसने ती मारली, बागान शूटआउटमध्ये ४-३ जिंकलं, आणि बेंगळुरूचे मालक पार्थ जिंदल यांनी त्याच रात्री व्हीएआरची जाहीर मागणी केली. ‘आत की बाहेर’ हा प्रश्न कॅमेरा खरंच सोडवतो.

२०१८पासून नियमांत असलेली ही व्यवस्था मुळात चारच ठिकाणांसाठी आखलेली: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड. तेही उघड आणि स्पष्ट चूक असेल तरच. केरळ-बेंगळुरूच्या वादात (प्रश्न १०) तिने फार मदत केली असती असं मला वाटत नाही. रेफरी काय बोलला ते कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि माणसाचा गोंधळ प्रश्न २मध्ये पाहिलाच.

१५. पेनल्टी मारताना पाय घसरला, चेंडू दोन्ही पायांना लागून गोल झाला. धरायचा?

पुन्हा मारायची. १२ मार्च २०२५ला अ‍ॅटलेटिकोच्या हुलियन अल्वारेझचं असंच झालं. रेआल माद्रिदविरुद्धच्या शूटआउटमध्ये घसरताना दुसऱ्या पायाचा निसटता स्पर्श झाला, गोल रद्द, संघ बाहेर. तेव्हाच्या नियमाने ते बरोबर होतं. जूनमध्ये आयफॅबने खुलासा केला: चुकून दोनदा लागून गोल झाला तर किक पुन्हा, गोल झाला नाही तर शूटआउटमध्ये हुकली धरायची आणि सामन्यात इनडायरेक्ट फ्री किक. मुद्दाम दोनदा मारली तर अर्थातच गोल नाही. पावसाळ्यातल्या आपल्या चिखलात हा नियम पाठ ठेवा.

१६. गोलकीपर चेंडू धरून बसतो, रेफरी काहीच करत नाही.

आता करावं लागतं. पूर्वी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक असा नियम होता, जो कुणीच लावत नसे. २०२५-२६पासून आठ सेकंद आणि शिक्षा कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो.

१७. कुत्रा मैदानात आला आणि चेंडू त्याला लागून गोल झाला. हसू नका, खरंच झालं.

हसत नाही, माझ्याही सामन्यात कुत्रा आला होता, पण त्याने फक्त कॉर्नर फ्लॅगचा समाचार घेतला. कुत्रा, गाय, प्रेक्षक, दुसरा चेंडू हे सगळे ‘बाहेरचे’. त्यांच्यामुळे खेळात अडथळा आला तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल, म्हणजे रेफरी चेंडू खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करतो. अपवाद: चेंडू गोलमध्ये जातच होता, कुत्र्यामुळे कुठल्याही बचावपटूची अडवण्याची संधी गेली नाही आणि चेंडू आत गेला, तर स्पर्श होऊनही गोल. गोलकीपर कुत्र्याला चुकवताना फसला असेल तर गोल नाही.

१७ ऑक्टोबर २००९ला संडरलँडच्या डॅरन बेंटचा फटका मैदानात पडलेल्या बीच बॉलला लागून लिव्हरपूलच्या जाळ्यात गेला. तो धरायला नको होता, पण धरला गेला आणि संडरलँड १-० जिंकलं. प्रश्न ४शी ताडून पाहा. नियमाची चूक होती, तरी निकाल राहिला.

१८. पावसाने सामना अर्धवट राहिला. २-० पुढे असलेला संघ जिंकला का?

स्पर्धेच्या कायद्यात वेगळं लिहिलं नसेल तर नाही, सामना पुन्हा पहिल्यापासून. गोव्यात जूनमध्ये स्पर्धा भरवणाऱ्यांनी ही ओळ आधीच लिहून ठेवावी.

१९. मुद्दाम स्वतःच्याच जाळ्यात गोल मारणं नियमात बसतं का? आणि गोव्यातला तो ६१-१चा सामना खरा की दंतकथा?

खरा. २००४मध्ये जीएफएच्या सेकंड डिव्हिजनमध्ये वर चढायचं कोण हे गोलफरकावर ठरणार होतं, आणि एकाच दिवशी एक सामना ५५-१, दुसरा ६१-१ असा संपला. चारही संघांवर कारवाई झाली. रेफरी बिचारा काय करणार? चेंडू रेषेपलीकडे गेला की गोल, मग बचावपटू बाजूला उभे राहून पाहत असले तरी. खिलाडूवृत्तीचा भंग तो अहवालात लिहू शकतो, गोल कापू शकत नाही.

मुद्दाम स्वयंगोलही गोलच. जानेवारी १९९४मध्ये कॅरिबियन कपात जादा वेळेतला गोल्डन गोल (ज्याने सामना तिथेच संपतो तो) दोन गोल मोजायचा असा अजब कायदा होता. ग्रेनाडाविरुद्ध दोन गोलफरकाने जिंकायची गरज असलेल्या बार्बाडोसने २-१ असताना शेवटच्या मिनिटांत स्वतःवर गोल करून बरोबरी साधली. एका गोलने हरूनही पुढे जाता येणार होतं, म्हणून ग्रेनाडा मग कुठल्याही बाजूच्या जाळ्यात गोल करायला धावली आणि बार्बाडोसने दोन्ही गोल सांभाळले! जादा वेळेत त्यांनी गोल्डन गोल केला, नोंद ४-२. कुणालाच शिक्षा झाली नाही, कारण मूर्खपणा कायदा लिहिणाऱ्याचा होता.

थेट फ्री किक मात्र स्वतःच्याच जाळ्यात गेली तर गोल नाही, कॉर्नर.

२०. मग तक्रार करायचीच असेल तर कशी करायची?

आधी प्रश्न १चं दार ठरवा. घटनेचा वाद असेल तर निकालासाठी तक्रार करू नका, पैसे जातात. रेफरीच्या कामगिरीबद्दल स्वतंत्र पत्र द्या, ते त्याच्या पुढच्या नेमणुकीच्या वेळी पाहिलं जातं. नियमाचा वाद असेल तर नेमका कुठला नियम, कुठल्या मिनिटाला, खेळ कसा पुन्हा सुरू झाला, एवढंच लिहा. ‘पक्षपात’ हा शब्द घातला की समिती बाकीचं वाचत नाही. कागदाचा वाद असेल तर सामन्याच्या दिवशीच टीमशीटची प्रत मिळवा. बहुतेक स्पर्धांत प्रोटेस्टला मुदत असते आणि सोबत शुल्क भरावं लागतं. दोन्ही आकडे मोसम सुरू होण्याआधी मॅनेजरच्या डायरीत हवेत.

आणि सामना संपल्यावर रेफरीच्या खोलीबाहेर गर्दी करू नका. तो आत बसून अहवाल लिहीत असतो, आणि दारावर पडलेली प्रत्येक थाप त्यात जाते.